साथ आली की वस्तीच आरोपी?

२०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस गोवंडीच्या रफीनगरमध्ये काही दिवसांच्या आत तीन बालके दगावली आणि मुंबईत गोवर पसरल्याचे उघड झाले. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातूनही रुग्णांचे आकडे येऊ लागले. तिन्ही ठिकाणी मुस्लिम वस्ती मोठी आहे. त्यामुळे साथीचे कारण शोधण्याची अनेकांना गरजच वाटली नाही; निष्कर्ष आधीपासून तयार होता. ‘हे लोक लस घेत नाहीत. सरकार फुकट देते, दारात आणून देते, तरी हे दार लावून घेतात. मौलवी सांगेल ते खरे आणि डॉक्टर सांगेल ते खोटे. यांच्या अडाणीपणाची किंमत सगळ्या शहराने का मोजायची?’ हे मत कट्ट्यावरच्या गप्पांपुरते राहिले असते तर दुर्लक्ष करता आले असते. पण ते शिकल्यासवरल्या घरांत ठामपणे मांडले जाते, आणि जरा सभ्य भाषेत ‘समाजाचा प्रतिसाद नाही’ असे म्हणून यंत्रणाही त्याचाच आधार घेते. हे मत चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत मुलांच्या जिवाने मोजावी लागते. लस जिथे सर्वांत कमी परिणाम दाखवते तिथेच तिच्यावरचा विश्वासही सर्वांत कमी असतो, हा योगायोग नव्हे. दोन्हींचे मूळ एकच आहे, आणि ते वस्तीच्या धर्मात नसून वस्तीला मिळालेल्या वागणुकीत आहे.

आधी लसीचेच पाहू. गोवराची लस उत्तम आहे. जगभरात तिने कोट्यवधी मुले वाचवली आहेत. पण कोणतीही लस १०० टक्के संरक्षण देत नाही, आणि गोवराच्या लसीला तर वयाचे बंधनही आहे. आपल्या कार्यक्रमात तिचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असतात तोवर ती लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात, म्हणून त्याआधी लस देऊन फारसे साधत नाही. नऊ महिन्यांनी दिली तरी १०० पैकी सुमारे ८५ मुलांनाच संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी दुसरा डोस असतो. आता एका वस्तीतली १०० मुले धरा. ८० जणांना पहिला डोस मिळाला, २० जणांना नाही. त्या ८० पैकी ६८ सुरक्षित झाली, १२ लस घेऊनही उघडी राहिली. म्हणजे गोवर येतो तेव्हा त्याच्या तावडीत सापडू शकणारी मुले ३२, आणि त्यांतली १२, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, लस घेतलेली. शेजारच्या खोलीत लस घेतलेल्या मुलाच्या अंगावर पुरळ उठलेले पाहून एखादी आई ‘मग टोचून काय उपयोग झाला?’ असे विचारते तेव्हा ती अंधश्रद्धेतून बोलत नसते. तिने डोळ्यांनी पाहिलेले खरे असते. तिला द्यायचे उत्तरही साधे आणि खरे आहे: ज्यांनी लस घेतली नाही ती वीसच्या वीस मुले धोक्यात आहेत, ज्यांनी घेतली त्या ८० पैकी फक्त १२. हे उत्तर तिला किती जणांनी दिले? ‘लस घेतली की गोवर होत नाही’ असे सांगणाऱ्याने तिच्या पदरात अर्धे सत्य टाकले, आणि उरलेले अर्धे तिला शेजारच्या मुलाच्या तापातून कळले.

ज्यांना लस मिळू शकतच नव्हती त्यांचे काय? नऊ महिन्यांखालचे बाळ लस ‘नाकारत’ नाही. नियमाने त्याची पाळीच आलेली नसते. २०२२ च्या साथीत हे इतके स्पष्ट झाले की केंद्राने वेगळी सूचना काढली: जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालची बालके १० टक्क्यांहून जास्त असतील तिथे सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस द्यावा, आणि तो नेहमीच्या दोन डोसांत धरू नये. अशा बाळांना वाचवण्याचा खरा मार्ग म्हणजे आजूबाजूच्या ९५ टक्के मुलांना संरक्षण मिळणे, कारण गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. हे ९५ टक्क्यांचे कुंपण गोवंडीतच मोडले का? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बालके नेहमीच्या लसींपासून पूर्ण वंचित राहिली, आदल्या वर्षीच्या दुपटीहून अधिक. टाळेबंदी होती, लसीकरणाची सत्रे बंद पडली होती, आरोग्यसेविका कोविडच्या कामाला जुंपल्या होत्या. ही ३० लाख बालके सगळ्या धर्मांची होती. त्यांचे हुकलेले डोस दोन वर्षांनी दाट वस्तीत साथ म्हणून प्रकटले, कारण एका खोलीत सहा-सात माणसे राहतात तिथे गोवराला पसरायला वेळ लागत नाही. आणि तिथे मुले दगावली, कारण कुपोषित आणि जीवनसत्त्व अ कमी असलेल्या मुलाला गोवर जास्त छळतो. मुंबई महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात २४ प्रभागांत सर्वांत तळाला होता तो गोवंडीचाच एम-पूर्व प्रभाग, देवनारच्या कचराभूमीला लागून असलेला. तो तळाला आहे हे साथीच्या १३ वर्षे आधी छापून झाले होते. दोष वस्तीच्या श्रद्धेचा म्हणायचा की अहवाल वाचून मिटून ठेवणाऱ्यांचा?

लसीची मर्यादा आणि लोकांचा अविश्वास कसे एकमेकांत गुंतलेले असतात याचा सर्वांत मोठा धडा आपल्या देशात पोलिओने दिला. २००० नंतरच्या दशकात पश्चिम उत्तर प्रदेशात, मुरादाबादच्या आसपास, पोलिओ हटता हटेना. रुग्णांत मुस्लिम मुलांचे प्रमाण मोठे होते, आणि देशभर एकच स्पष्टीकरण ऐकू येत होते: तिथले मुसलमान थेंब देऊ देत नाहीत. काही घरे नाकारत होती हे खरेच आहे. पण पुन्हा पुन्हा थेंब पाजलेली मुलेही लुळी पडत होती आणि आईबाप तेच ओरडून सांगत होते. त्यांचे म्हणणे अफवेच्या खात्यात जमा झाले. मग २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उरलेल्या भारतात तोंडावाटे द्यायच्या त्रिगुणी लसीचा एक डोस टाइप १ पोलिओविरुद्ध सुमारे २१ टक्के मुलांना संरक्षण देत होता. उत्तर प्रदेशात तेच प्रमाण जेमतेम ९ टक्के होते. या हिशेबाने १० डोस घेतल्यावरही १०० पैकी जवळपास ३९ मुले उघडीच राहतात. कारण काय? दाटीवाटी, उघडी गटारे, दूषित पाणी, सततची हगवण. आतड्यांत इतर विषाणूंची गर्दी असली की लसीतल्या विषाणूला तिथे पाय रोवता येत नाहीत. म्हणजे लसीची ताकदही समान वाटली गेली नव्हती. ज्या मोहल्ल्यात गटार बांधले नव्हते त्या मोहल्ल्यातल्या मुलाच्या पोटात लस हरत होती, आणि ठपका त्याच्या आईवर येत होता.

तो प्रश्न सुटला कसा, हेही नीट लक्षात ठेवले पाहिजे, कारण लोकांना दटावून तो सुटलेला नाही. आधी लस बदलली: २००५ पासून एकाच प्रकाराविरुद्धची लस आली, तिचा एक डोस उत्तर प्रदेशातही सुमारे ३० टक्के मुलांना वाचवत होता, २०१० मध्ये द्विगुणी लस आली. मग कामाची पद्धत बदलली. त्या मोहिमेत घराघरांवर खडूने खुणा केल्या जात. सगळ्या मुलांना थेंब मिळाले की दारावर ‘पी’, राहिले की ‘एक्स’. काही काळाने त्या एका ‘एक्स’चे निरनिराळे प्रकार वेगळे लिहायला सुरुवात झाली: घर बंद आहे, मूल आजारी आहे, मूल गावी गेले आहे, की खरोखर नकार आहे. एवढ्या साध्या फरकाने सगळे चित्र पालटले. ज्या दारांकडे आजवर ‘हे ऐकत नाहीत’ म्हणून बोट दाखवले जात होते त्यांतल्या अनेकांमागे नकार नव्हताच. आजारपण होते, मजुरी होती, प्रवास होता. जिथे नकार होता तिथे त्याच गल्लीतल्या बायकांना कामावर घेतले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामियासारख्या संस्थांना सोबत घेतले, मशिदींतून आवाहने झाली. उत्तर प्रदेशातले ६६ आणि बिहारमधले ४१ असे १०७ विभाग निवडून तिथे थेंबांच्या जोडीला स्वच्छता, स्तनपान, हगवणीवर झिंक आणि जलसंजीवनी यांवर भर दिला. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळलेला रुग्ण शेवटचा ठरला. ज्या समाजाला ‘सुधारणार नाही’ म्हणून सोडून दिले होते तोच समाज दोन वर्षांत अचानक बदलला, असे कोणी म्हणेल का? बदलली ती यंत्रणा. तिने ऐकायला सुरुवात केली.

‘पण मुळात अविश्वास हवाच कशाला? सरकार काय विष देते का?’ हा पुढचा प्रश्न. थेंब पाजून वंध्यत्व आणतात ही अफवा धादांत खोटी होती, आणि तिच्यापायी मुले लुळी झाली. पण अफवा हवेतून उगवत नाही. १९७६-७७ या एका वर्षात या देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. दिल्लीत तुर्कमान गेट, उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर, हरियाणात मेवातमधले उटावड, या नावांशी सक्तीची आणि पोलिसी बळाची आठवण जोडलेली आहे. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. ज्या आजोबाला ट्रकमध्ये घालून नेले त्याच्या नातवासाठी सरकारी माणूस फुकट औषध घेऊन दर महिन्याला दारात उभा राहतो, आणि त्याच दारासमोरची गटार मात्र वर्षानुवर्षे तुंबलेली असते, ताप आला तर तोच माणूस फिरकत नाही, तेव्हा ‘याला आमच्या मुलाची एवढीच काळजी का?’ असे त्या घराला वाटणे हा वेडेपणा आहे का? अनुभवातून काढलेले ते एक अनुमान आहे. या बाबतीत ते चुकीचे होते, पण ते खोडून काढण्यासाठी वेगळा अनुभव द्यावा लागतो. शिव्या देऊन ते पक्केच होते.

‘किती जुने उगाळणार?’ असे म्हणणाऱ्यांनी जवळचे पाहावे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना प्रायोगिक प्रकल्पात देण्यात आली. खम्मममधल्या बऱ्याच मुली आदिवासी, आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या. सात मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि ही लस आज जगभर उपयोगात आहे. तिच्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. प्रश्न संमतीचा आहे. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात नोंदवले की आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ वर अंगठे. शहरातल्या एखाद्या नामांकित शाळेतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी मुख्याध्यापकांनी सह्या केल्या असत्या तर आपण ‘पालक अडाणी आहेत’ असे म्हटले असते का? आणि २०२० तर कालचेच. तबलिगी जमातचे निमित्त करून एका सबंध समाजाला रोगाचा वाहक ठरवले गेले. भाजीवाल्यांची नावे विचारून त्यांना गल्लीबाहेर काढण्यापर्यंत मजल गेली. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याकडे बोट दाखवले. ज्यांना एप्रिलमध्ये रोगाचे कारण म्हटले त्यांनीच पुढच्या एप्रिलमध्ये हसतमुखाने दंड पुढे करावा, ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

अविश्वास ही एका धर्माची खासियत आहे असे मानणाऱ्या मराठी माणसाने पुण्याचा इतिहास आठवावा. १८९७ च्या प्लेगात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले, देवघरात आणि माजघरात शिरले, धट्टीकट्टी माणसे विलगीकरणाच्या छावणीत नेली. हे सारे रोग आटोक्यात आणण्यासाठीच चालले होते, असे सरकारचे म्हणणे होते. तरीही २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, आणि आपण त्या घटनेकडे आजवर जुलमाविरुद्धचा संताप म्हणूनच पाहत आलो आहोत. पुण्यातल्या त्या सुशिक्षित, शास्त्र जाणणाऱ्या लोकांनी रुग्ण लपवले, दारे लावली, सरकारी दवाखान्याला यमपुरी मानले. त्यांना कोणी धर्मवेडे म्हणत नाही. आपण म्हणतो, त्यांना अपमान सहन झाला नाही. मग हीच समज मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याला किंवा गोवंडीतल्या जरीकाम करणाऱ्या बाईला लागू करताना आपला हात का आखडतो? आपल्या पूर्वजांचा अविश्वास स्वाभिमान आणि शेजाऱ्याचा अविश्वास अडाणीपणा, हे दुटप्पी माप कुठल्या न्यायाने?

एक आक्षेप मात्र वरवर भक्कम वाटतो. ‘गरिबी तर सगळीकडे आहे. शेजारच्या वस्तीतले गरीब लस घेतात, हेच का घेत नाहीत?’ याचे उत्तर ‘घेत नाहीत’ या आरोपाच्या पोटातच आहे. लसीकरणाचे सत्र सकाळी भरून दुपारी संपते. रोजंदारीवरच्या बाईची ती कमाईची वेळ असते. बाळंतपणाला उत्तर प्रदेश-बिहारातल्या गावी गेलेल्या बाईचे कार्ड तिकडेच राहते आणि परत आल्यावर इथल्या यादीत तिचे मूल नसते. आणि केंद्रावर पोहोचलेल्या बाईला रांगेतल्या सगळ्यांसमोर ‘कितवे हे? आणखी किती होऊ द्यायची?’ असे ऐकवले जाते. डोसानंतर रात्री मूल तापाने फणफणते, ताप येणार हे तिला कोणी सांगितलेले नसते, विचारायला जावे तर दार बंद असते. ती दुसऱ्या डोसाला आली नाही की कागदावर ‘नकार’ पडतो. बुरखा घालणाऱ्या बाईला गरिबी तर सोसावी लागतेच, वर हा तुच्छतेचा भारही सोसावा लागतो. तेव्हा दोन्ही वस्त्यांची गरिबी सारखी कशी? धर्मगुरूंच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनीही पोलिओचा इतिहास पुन्हा पाहावा. तिथे मौलवींना विश्वासात घेतले तेव्हा त्यांनी मोहिमेला खांदा दिला. जिथे आरोग्यसेविका वर्षभर घरात येते तिथे भडकवणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. जिथे ती फक्त मोहिमेपुरती उगवते तिथे त्याला मोकळे रान मिळते.

शेवटचा आक्षेप डॉक्टर मंडळींकडून येतो आणि त्यामागे काळजी असते. ‘लसीच्या मर्यादा उघड बोलू नका. लोक घाबरतील, लसविरोधकांना आयते कोलीत मिळेल.’ मला हा सल्ला सर्वांत घातक वाटतो. कारण मर्यादा झाकून राहत नाहीत. त्या गल्लीत दिसतात. कोविडच्या वेळी लस म्हणजे अभेद्य कवच असल्याचे लोकांच्या मनावर ठसवले गेले. राज्याच्या ऑक्टोबर २०२१ मधल्या मोहिमेचे नावच ‘मिशन कवच कुंडल’ होते. तीन महिन्यांत ओमायक्रॉन आला आणि दोन-दोन डोस घेतलेली माणसे घरोघरी तापाने पडली. लसीने आपले काम केले होते. तिने गंभीर आजार आणि मृत्यू रोखले. पण तेवढेच वचन आधी दिले असते तर कोणाला फसवल्यासारखे वाटले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात दोन्ही बाजू सांगितल्या: लसीची सक्ती कोणाच्या शरीरावर करता येणार नाही, आणि लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती जनतेसाठी खुली असली पाहिजे. माहिती दडवून मिळवलेला होकार पहिल्याच तापाला ढासळतो. ‘ताप येईल, दोन दिवस राहील, शंभरातल्या काही मुलांना एक डोस पुरणार नाही, म्हणून दुसरा चुकवू नका, तरीही लस घेतलेले मूल न घेतलेल्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे’ हे कोणत्याही आईला समजते. ज्यांना वाटते की गोवंडीतल्या आईला हे पेलणार नाही, त्यांचा तिच्या बुद्धीवर विश्वास नाही. मग तिने त्यांच्या शब्दावर का ठेवावा?

म्हणून हा आरोप उलटा करून मांडला पाहिजे. विश्वास हे नागरिकाने सरकारला आगाऊ भरायचे देणे नव्हे. आरोग्यसेवेने तो रोजच्या कामातून कमवायचा असतो. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी चालणारे सत्र, त्याच गल्लीतली आणि पुरेसा पगार मिळणारी आरोग्यसेविका, रांगेत मानाने बोलणारा कर्मचारी, ताप आल्यावर उघडे असणारे दार, नकाराचे खरे कारण लिहिणारी नोंदवही, आणि लसीसोबत पोषण, पाणी, गटार. यातले काहीही अशक्य नाही. मुरादाबादला ते करून दाखवले आहे, आणि देश पोलिओमुक्त झाला आहे. हे केल्यावरही कोणी मुलाला लस देत नसेल तर त्याला जरूर जाब विचारा. पण हे काहीच न करता साथ आली की वस्तीकडे बोट दाखवणाऱ्यांना तो अधिकार नाही. रफीनगरमधल्या मुलांचा जीव गोवराने घेतला, आणि गोवराला तिथवर वाट करून दिली ती वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने. पुढची साथ रोखायची असेल तर त्या आयांची झडती घेणे थांबवा आणि तेवढ्याच कठोरपणे त्या दुर्लक्षाची झडती घ्या.